आधी नोंद, मग संगणक

आपल्या सभांमधून आपण नव्या प्रतिजैविकांविषयी बोलतो, नव्या लसींविषयी बोलतो, कायद्याच्या बदलत्या तरतुदींविषयी तर हटकून बोलतो. या साऱ्याची भिस्त ज्या एका गोष्टीवर असते ती, म्हणजे रुग्णाच्या कागदावर आपण करतो ती नोंद, मात्र चर्चेत क्वचितच येते. आली तरी ती संगणकाचा हात धरून येते. कोणते सॉफ्टवेअर बरे, वर्षाला किती खर्च पडतो, ‘आभा’ क्रमांकाशी ते जोडले जाते की नाही, वीज गेली तर काय, असे प्रश्न विचारले जातात. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न असा, की आज आपण वहीत जे लिहितो ते खरे, पुरते आणि दुसऱ्या डॉक्टरला उपयोगी पडेल असे असते काय? तसे नसेल तर संगणक त्या अपुऱ्या नोंदीला सुबक अक्षर देईल, सत्यता देऊ शकणार नाही. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील मुलांच्या संदर्भात हा विचार मी आपणा सर्वांपुढे ठेवू इच्छितो.

नोंदीचा वारसा

गोव्याच्या भूमीला वैद्यकीय नोंद नवी नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीच्या रोग्याचे वर्णन येते. क्षीण झालेली नाडी, थंड पडलेले अंग, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे; जे दिसले ते त्यांनी लिहिले, म्हणून साडेचारशेहून अधिक वर्षांनीही आपण त्या रोग्याचे निदान करू शकतो. पोर्तुगीजांच्या लिखाणात या रोगाला मिळालेले नावही आपल्या ‘मोडशी’ या शब्दावरूनच घडलेले आहे. मराठी मनालाही लेखनाची शिस्त परकी नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा राखाव्यात, ग्रंथ कसा जपावा, इतक्या बारकाईने त्यांनी सांगितले. अक्षराची थट्टा ज्याच्या वाट्याला सर्वांत अधिक येते त्या आपल्या व्यवसायाने हा समास अधूनमधून वाचायला हरकत नाही.

नोंद काय करू शकते याचे आधुनिक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत प्रथम प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला जाईल अशी व्यवस्था उभारली. घरोघरच्या नवजात बालसेवेने अर्भकांचे मृत्यू घटतात हा त्यांचा १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगाने मान्य केला, तो त्या नोंदींच्या पायावर. पुढे २००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले, की महाराष्ट्रात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू सरकारदरबारी नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपेक्षा कितीतरी अधिक आहेत. जे मूल नोंदीत नाही, त्याच्या मृत्यूचे उत्तरदायित्वही कोणावर येत नाही. नोंदीची गुणवत्ता हा कारकुनी विषय नव्हे, तो जीवनमरणाचा विषय आहे, हे यावरून ध्यानात यावे.

एकाच मुलाची तीन नावे

बालरोगतज्ज्ञाच्या कागदावर पहिली अडचण येते ती मुलाच्या ओळखीचीच. जन्मतः बाळाला नाव नसते. इस्पितळात ते ‘अमुकीचे बाळ’ म्हणून नोंदले जाते. बारशाला नाव मिळते, घरात हाक मारायचे नाव वेगळेच असते, आणि शाळेत कधी कधी तिसरेच नाव घातले जाते. आईच्या नावावरून शोध घ्यावा म्हटले तर आपल्याकडे विवाहात मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे. माहेरच्या नावाने आधारकार्ड, सासरच्या नावाने रेशनकार्ड, आणि लसीच्या कार्डावर जे त्या वेळी सांगितले गेले ते. आडनावांची तऱ्हा तर गोव्यात आणखी निराळी. जुन्या पोर्तुगीज वळणाच्या दाखल्यांत प्रभूंचे ‘पोरोबो’ होतात, शेट यांचे आडनाव इंग्रजी ‘एक्स’ने सुरू होते, आणि नातवाच्या जन्मदाखल्यावर तेच आडनाव इंग्रजी वळणाने येते. संगणकाला ही तीन माणसे वाटतात. त्याचा दोष नाही. आपण त्याला तीन माणसेच दिलेली असतात.

त्यातच पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली रीत. पेडण्याच्या सुनेचे माहेर सावंतवाडी, वेंगुर्ले किंवा दोडामार्ग तालुक्यात असणे ही नित्याची गोष्ट आहे. बाळ जन्मते महाराष्ट्रात. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ-बी लसीची पहिली मात्रा तेथे मिळते. तीन महिन्यांनी माय-लेक तेरेखोल नदी ओलांडून सासरी येतात. एखादी लस खाजगी दवाखान्यात घेतली जाते, एखादी तुये किंवा कासारवर्णे येथील आरोग्य केंद्रात. पुढच्या वेळी आई सांगते, “कार्ड माहेरी राहिलं, डॉक्टर.” अशा वेळी राहिलेला डोस झाला असे गृहीत धरणे धोक्याचे, आणि झालेला डोस पुन्हा देणे हा त्या बाळावर अकारण भार. दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या मुलाची नोंद सीमेवर अडकून पडते, मूल मात्र रोज ये-जा करीत असते.

अलीकडच्या काळात या ये-जा करणाऱ्यांत नवी भर पडली आहे. मोपा विमानतळाच्या बांधकामापासून पेडण्यात परप्रांतीय कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने आली. डिचोलीत २०१२ आणि २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कित्येक घरांची मिळकत आटली आणि माणसे कामासाठी गाव सोडून गेली. या मुलांच्या हाती असलेली कार्डे कन्नडमध्ये असतात, ओडियात असतात, हिंदीत असतात, पुष्कळदा नसतातच.

केरी कोणती?

गावाचे नाव लिहिण्याइतकी सोपी गोष्ट कोणती? पण ‘केरी’ म्हटले तर ती पेडण्यातील समुद्रकाठची, सत्तरीतील चोर्ला घाटाच्या पायथ्याची, की फोंड्यातील? शिवाय दोडामार्ग तालुक्यात ‘केर’ आहेच. पेडण्याचे पालये, डिचोलीची पाळी आणि सत्तरीची पाली रोमन लिपीत घाईने लिहिली, की वाचणाऱ्याने अंदाजच बांधावा. हा शब्दांचा खेळ नाही. सत्तरीतील पाली येथे २०१५ साली आणि दोडामार्गातील केर परिसरात २०१६ साली माकडतापाचा उद्रेक झाला. तापाचा रुग्ण नेमक्या कोणत्या गावाचा, कोणत्या वाड्यावरचा, गेल्या पंधरवड्यात काजूच्या बागेत कोण गेले होते, हे लिहिलेले असले तरच आरोग्य खाते योग्य रानात योग्य वेळी पोचते. सीमेपलीकडचा रुग्ण गोमेकॉत बांबोळीला दाखल झाला आणि पत्ता म्हणून केवळ नातेवाइकाचे म्हापशातील घर लिहिले गेले, तर रोग एका तालुक्यात आणि त्याची नोंद दुसऱ्या, अशी विचित्र स्थिती होते.

याहून गंभीर उदाहरण नवजात बालकांच्या तपासणीचे देता येईल. टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून जन्मजात चयापचय-दोष शोधण्याचा कार्यक्रम गोव्याने २००८ सालीच हाती घेतला होता. या तपासणीने सापडणाऱ्या दोषांपैकी थायरॉइडची जन्मजात न्यूनता हा महत्त्वाचा. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाला तर मूल इतरांसारखे वाढते, आणि उशीर झाला तर बुद्धीची हानी भरून निघत नाही. गोळी स्वस्त आहे, चाचणी बिनचूक आहे. पण अहवाल येईपर्यंत माय-लेक इस्पितळातून घरी गेलेली असतात. त्या क्षणी त्या बाळाचे भवितव्य एका मोबाइल क्रमांकाच्या दहा आकड्यांवर आणि ‘केरी’ या शब्दापुढे तालुका लिहिला आहे की नाही यावर अवलंबून असते. दाखल करते वेळी तो क्रमांक कोणी लिहून घेतला? बहुधा सर्वांत कमी पगाराच्या आणि सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या व्यक्तीने. आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची नोंद करणाऱ्याला आपण कधी त्या नोंदीचे मोल सांगितलेले नसते.

शून्य आणि पाच यांचे आकर्षण

बालरोगशास्त्र हे मापांचे शास्त्र आहे. प्रौढाची गोळी एक. बालकाची मात्रा मात्र किलोवर ठरते. त्यामुळे वजनातील चूक ही औषधातील चूक असते. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, तर सिरप पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, आणि दुसरे २५० मिलिग्रॅम. अशा स्थितीत ‘पॅरासिटामॉल ५ मिली’ एवढीच नोंद म्हणजे नोंद न केल्यासारखेच. आकड्यांच्या लिपीचाही घोळ आहे. देवनागरी चार घाईत इंग्रजी आठासारखा दिसतो, देवनागरी सात इंग्रजी सहासारखा. एकाच दवाखान्यात डॉक्टर एका लिपीत आणि मदतनीस दुसऱ्या लिपीत लिहीत असेल तर काय घडू शकेल, हे सांगायला नको.

आपल्या वजन-उंचीच्या नोंदी कितपत विश्वसनीय आहेत हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. कोणत्याही वहीतील शंभर उंच्या घ्या आणि मिलिमीटरचा शेवटचा आकडा पाहा. खरोखर मोजले असेल तर शून्य ते नऊ हे दहाही आकडे साधारण सारख्या प्रमाणात आले पाहिजेत. म्हणजे शून्य आणि पाच मिळून वीसच्या आसपास. वहीत ते साठ-सत्तर निघाले तर समजावे, की मोजपट्टीऐवजी अंदाजाने काम झाले आहे. सर्वेक्षणांची गुणवत्ता जोखणारे संख्याशास्त्रज्ञ हीच कसोटी लावतात. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले वाढीचे आलेख पाहावेत. त्यांच्यासाठी भारतासह सहा देशांत १९९७ ते २००३ या काळात मुलांची मापे घेतली गेली. दोन व्यक्ती स्वतंत्रपणे मोजत, आणि दोघांच्या मापांतील अंतर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर पुन्हा मोजत. आपण ज्या आलेखावर ठिपका देतो तो इतक्या कष्टाने सिद्ध झालेला. आपला ठिपका मात्र बूट घातलेल्या, रडणाऱ्या मुलाच्या अंदाजी उंचीचा! दोन वर्षांखालील मुलाची लांबी निजवून मोजायची आणि नंतर उभे करून. दोहोंत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, हेही पुष्कळ ठिकाणी पाळले जात नाही.

याला राज्याच्या पातळीवरही अर्थ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील पाच वर्षांखालील खुंटलेल्या वाढीच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.८ टक्के झाले. सुस्थितीतील राज्य म्हणून मिरवणाऱ्या गोव्याला हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. हे प्रमाण खरोखर वाढले, की मोजमापातील फरकाने वाढलेले दिसते? या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतील अशा हजारो उंच्या आपल्या दवाखान्यांत आणि अंगणवाड्यांत दरमहा घेतल्या जातात. पण त्या मापांवर आपलाच विश्वास नसल्यामुळे आपण त्या पुढे करू शकत नाही, आणि आपल्या मुलांविषयीचे सत्य दर चार-पाच वर्षांनी बाहेरून येणाऱ्या सर्वेक्षकांकडून ऐकतो.

संकोचाने लिहिलेले निदान

नोंदीतील आणखी एक दोष आपल्या सौजन्यातून जन्मतो. मुलीला दमा आहे असे लिहिले तर पुढे लग्नाला अडचण येईल, म्हणून आपण ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ लिहितो. फेफरे हा शब्द टाळण्यासाठी दुसरे काही सौम्य लिहितो. क्षयाचे नाव चिठ्ठीवर नको म्हणून घरचे विनवतात. यामागची माणुसकी मला मान्य आहे. परंतु तिची किंमत त्या मुलाला मोजावी लागते. मध्यरात्री धाप लागलेले मूल अनोळखी डॉक्टरपुढे येते तेव्हा त्याच्या फाइलीत दमा कोठेच नसतो. आणि तालुक्यात दमा असलेली मुले किती, असा प्रश्न उद्या कोणी विचारला, तर खाणपट्ट्यातल्या धुळीविषयी इतकी वर्षे बोलत आलेल्या आपणा डिचोलीकरांकडे सांगण्यासारखा एकही विश्वसनीय आकडा नसेल.

याच्या उलट टोकाला अकारण ठामपणा आहे. एकट्या विडाल चाचणीवर ‘टायफॉइड’ असे निदान लिहिले जाते आणि ते कायमचे चिकटते. प्रतिजैविक चालू असताना अंगावर पुरळ उठले की ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शिक्का बसतो. खरे पाहता असा शिक्का असलेल्यांपैकी बहुसंख्य व्यक्तींना तपासणीअंती ॲलर्जी नसल्याचे आढळते. शिक्का मात्र आयुष्यभर राहतो, आणि साधे औषध सोडून महागडे, व्यापक परिणामाचे औषध वापरले जाते. काय औषध होते, कितव्या दिवशी, कसे पुरळ, कोणी पाहिले, एवढ्या चार शब्दांनी ही नोंद प्रामाणिक झाली असती. जेथे निदान निश्चित नाही तेथे ‘ताप, तिसरा दिवस, कारण अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. नोंदीची पहिली अट विद्वत्ता नव्हे, प्रामाणिकपणा आहे.

संगणकाकडून काय घ्यावे?

येथवरचे वाचून मी संगणकाचा विरोधक आहे असा कोणाचा समज होऊ नये. कोकणपट्टीच्या दमट हवेत कागदाला कसर आणि वाळवी लागते. सोनोग्राफीचा व ईसीजीचा कागद काही वर्षांत कोरा होतो. २०२१ सालच्या जुलैतील पुरात डिचोली, सत्तरी आणि पेडणे भागांतील घरांत पाणी शिरले तेव्हा कपाटातील कागदपत्रेही भिजून गेली. एखाद्या गावात चाळीस वर्षे सेवा केलेल्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होतो आणि तीन पिढ्यांच्या नोंदी रद्दीत जातात, हेही आपण पाहतो. शिवाय वजनावरून मात्रा काढणे, आलेख रेखाटणे, राहिलेल्या लसीची आठवण देणे ही कामे संगणक आपल्यापेक्षा चोख करतो. ठरीव आणि थोडी माहिती असेल तर तंत्रज्ञान किती उपयोगी पडते, हे ‘स्टेमी-गोवा’ प्रकल्पात आपण अनुभवले आहे. परिघावरच्या आरोग्य केंद्रातील ईसीजी काही मिनिटांत गोमेकॉतील हृदयरोगतज्ज्ञापर्यंत पोचतो आणि उपचार तेथेच सुरू होतो.

केंद्र शासनाच्या पातळीवरही पुष्कळ घडले आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ साली प्रथम जाहीर झाली आणि २०१६ साली सुधारली गेली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले आणि चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक आला. तो ऐच्छिक आहे, हे रुग्णाला सांगणे आपले कर्तव्य आहे. लसीकरणासाठी ‘यू-विन’ जानेवारी २०२३ पासून प्रथम निवडक जिल्ह्यांत आणि पुढे अन्यत्र वापरात आले. सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी ते विशेष मोलाचे ठरू शकते. कारण सावंतवाडीत दिलेला डोस पेडण्यात दिसावा हीच तर आपली गरज आहे. परंतु त्या पडद्यावर दिसणारी माहिती कोणीतरी कोठेतरी टंकलेली असते. जन्मतारीख चुकली तर पुढची प्रत्येक तारीख बिनचूकपणे चुकते.

परदेशांचे अनुभवही डोळ्यांआड करू नयेत. इंग्लंडने २००२ साली आरंभलेला राष्ट्रव्यापी संगणकीकरणाचा प्रचंड कार्यक्रम २०११ साली गुंडाळावा लागला. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने भरघोस अनुदान दिले, संगणक घरोघरच्या दवाखान्यांत पोचले. पण रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास पडद्यावर आणि कागदपत्रांत जातात, असे तेथील २०१६ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. २०१२ साली ‘जामा’ या नियतकालिकात सात वर्षांच्या एका मुलीने खडूने काढलेले चित्र छापले गेले. ती तपासणीच्या टेबलावर बसलेली, आणि डॉक्टर तिच्याकडे पाठ करून संगणकात गढलेले! मुले जे पाहतात तेच काढतात. पावसाळ्याच्या दिवसांत ओपीडीत दाटीवाटी झालेली असताना आपण संगणकासमोर कसे बसू याचा विचार या चित्रापासून सुरू करावा. त्यातच जुनी नोंद जशीच्या तशी पुढच्या भेटीत उतरवण्याची सोय आली, की लागोपाठ तीन भेटींत मुलाचे वजन ग्रॅमभरही बदलत नाही. कागदावर आळस लपत नसे. पडद्यावर तो नीटनेटका दिसतो.

सात नोंदी

म्हणून माझी सूचना साधी आहे. सॉफ्टवेअर ज्याने त्याने आपापले घ्यावे किंवा वहीच ठेवावी. पण प्रत्येक मुलाच्या सात नोंदी आपण सर्वांनी एकाच पद्धतीने कराव्यात.

१) जन्मदाखल्याप्रमाणे नाव, जन्मतारीख आणि आईचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे.
२) वाडा, गाव, तालुका, राज्य, आणि दोन मोबाइल क्रमांक, ते कोणाचे आहेत या उल्लेखासह.
३) जन्माचे ठिकाण, जन्मवजन आणि गर्भकाळाचे आठवडे.
४) प्रत्येक भेटीचे वजन, ठरावीक अंतराने उंची आणि दोन वर्षांपर्यंत डोक्याचा घेर, आलेखावरील ठिपक्यासह.
५) प्रत्येक लसीचे नाव, तारीख, बॅच क्रमांक आणि ती कोठे दिली, प्रत्यक्ष कार्डावर पाहिले, की आईने तोंडी सांगितले.
६) औषधाची ॲलर्जी: कोणते औषध, काय झाले, केव्हा, कोणी पाहिले. नसेल तर ‘विचारले, नाही’ असे. कोरी जागा नव्हे.
७) दीर्घकालीन आजाराचे खरे नाव, आणि चालू औषधांची मात्रा मिलिग्रॅममध्ये.

सरावाने यांस दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि पहिल्या तीन नोंदी तर एकदाच करायच्या असतात. यांच्या जोडीला तीन सवयी लावून घ्याव्यात. दर सोमवारी ठाऊक असलेल्या वजनाने काटा तपासावा. महिन्यातून एकदा कोणत्याही दहा फाइली काढून या सातांपैकी किती नोंदी पूर्ण आहेत ते पाहावे, आणि तो आकडा दवाखान्यातील सर्वांना सांगावा. वर्षातून एकदा आपल्या मदतनिसांसाठी संघटनेने अर्ध्या दिवसाचे शिबिर घ्यावे. त्यात त्यांना मोजायला शिकवावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते का मोजायचे, हे सांगावे.

आणखी एक गोष्ट. नोंदीची एक प्रत आईजवळ असली पाहिजे. डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत काम करताना बालकाच्या वाढीचे कार्ड आईच्याच हाती ठेवण्याची पद्धत रूढ केली, आणि आया ते दवाखान्यांपेक्षा चांगले जपतात हे जगाला पटवून दिले. आपले माता-बाल संरक्षण कार्ड त्याच परंपरेतील. खाजगी दवाखान्यांत पुष्कळदा त्यावर काही न लिहिता औषध कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत वेगळी नोंद केली जाते. ही पद्धत सोडावी. मूल एक, तर कार्डही एक असावे.

विश्वासाची बाब

माहिती जितकी चांगली, तितकी ती जपण्याची जबाबदारी मोठी. लहान तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. येथे गुपित फुटायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. मुलांचे अहवाल आणि छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटांत सहज फिरतात, मदतनिसाच्या मोबाइलमध्ये पडून राहतात. मघाशी मी निदान खरे लिहावे असे म्हटले. पण लिहिलेले बाहेर जाणार नाही याची हमी आपण दिली तरच आईबाप ते लिहू देतील. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीचा विशेष विचार केला आहे. कायद्याचा धाक नसता तरी आपल्या व्यवसायाची शपथ होतीच. ज्या सॉफ्टवेअरमधून आपली माहिती आपल्याला पूर्णपणे बाहेर काढता येत नाही ते घेऊ नये. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असावा. आणि रोजची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्यात आणि मागितल्यास बहात्तर तासांत प्रत द्यावी, असे २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांत आले. मुलांच्या बाबतीत तीन वर्षे फार अपुरी आहेत. मूल सज्ञान होईपर्यंत तरी त्याच्या बालपणाची नोंद त्याला उपलब्ध असावी, असे माझे मत आहे; आणि दवाखाना बंद करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदी त्या त्या कुटुंबांच्या स्वाधीन करण्याची काही रीत संघटनेने ठरवावी.

हे सारे करण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पेडणे आणि डिचोलीतील बालरोगतज्ज्ञ, कुटुंबवैद्य आणि आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी एका दुपारी एकत्र बसले तर सात नोंदींचा एक पानी मसुदा सिद्ध होऊ शकेल. सावंतवाडी आणि दोडामार्गच्या सहव्यावसायिकांनाही त्या बैठकीला बोलवावे, कारण मुले त्यांची आणि आपली सामायिकच आहेत. वर्षभर तो मसुदा वापरून पाहावा, दहा-दहा फाइलींची तपासणी करावी, आणि पुढील स्मरणिकेत आपापले आकडे, चांगले असोत वा वाईट, नावानिशी छापावेत. त्यानंतर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न फारसा अवघड राहणार नाही. कारण त्यात काय भरायचे आहे हे आपल्याला ठाऊक झालेले असेल.